भवानी

पहाटे सहाला गाडीच्या काचेवरचा बर्फ
जुन्या लायब्ररी-कार्डानं खरवडला.
मागच्या सीटवर सत्तावीस कंदील,
चादरीत गुंडाळून पट्टा लावलेले.
ऑटलीच्या चर्चचा हॉल, टेबल चौदा,
भाडं बावीस पौंड, आधी भरायचं,
टेबलक्लॉथ आपला आपण आणायचा.

बांबू इथे बागेच्या दुकानात मिळतो,
टोमॅटोला आधार द्यायला.
मी त्याच्या कामट्या काढते स्वयंपाकघरात, फरशीवर बसून;
डाव्या अंगठ्यावर खूण राहिली आहे.
खळ मैद्याचीच. मोरचूद कुठे मिळत नाही,
म्हणून लवंगतेलाचे दोन थेंब.
करंज्या चिकटवताना श्वास धरायचा,
ते मात्र कुठेही गेलं तरी तसंच.

दिवाळी होऊन महिना झाला.
पाटीवर काय लिहावं, मंगळवारपासून घोळ चालला होता.
'कंदील' लिहिलं तर लोक विचारतात, आणि विचारून थांबतात.
'तारा' लिहिलं तर न विचारता घेतात.
मी 'तारा' लिहिलं.
खाली देवनागरीत 'कंदील',
कुणी वाचू नये इतकं बारीक,
पण लिहिलं.

इथे कुणी घासाघीस करत नाही.
'लव्हली' म्हणतात, बोटाच्या टोकानं झिरमिळी हलवतात,
पुन्हा एकदा 'लव्हली', आणि जॅमच्या टेबलाकडे.
अहो, नऊ पौंडांचे सहा तरी म्हणा!
मी 'परवडत नाही' म्हणेन,
तुम्ही चार पावलं जा, मी हाक मारीन,
तेवढ्यात आपली ओळख तरी होईल.
एका गृहस्थानं कामट्या मोजल्या
आणि बायकोला म्हणाला, हे आपण घरीच करू.
करा की. मैदा आहे ना घरी?

दीड वाजला. भवानी नाही.
तेराव्या टेबलावर ग्लेनिस हॉर्सफॉल:
लोकरीची साठ-सत्तर घुबडं,
सगळी माझ्याकडेच बघणारी.
शरयूचं ती 'शेरायू' करते. चौथं वर्ष आहे,
मी दुरुस्त करणं सोडलं.
'पाऊस आला तर माणसं आत येतात,' ती सांगते,
'पण हातात छत्री असलेला माणूस काही घेत नाही.'

दोन वाजता ती उठली,
डब्यातून दहाची नोट काढली,
लाल कंदील स्वतःच खाली उतरवला.
'खिडकीसाठी. वरचा पौंड राहू दे.'
मी नोट कपाळाला लावली, सवयीनं.
तिनं पाहिलं. विचारलं नाही.

त्याच नोटेनं मी पंधराव्या टेबलावरच्या क्लिफर्डकडून
मेणाच्या दोन मेणबत्त्या घेतल्या, मधाचा वास येणाऱ्या.
क्लिफर्ड एरवी फक्त मधमाश्यांबद्दल बोलतो;
आज म्हणाला, नात झाली, परवा,
आणि त्याच नोटेनं ग्लेनिसचं घुबड घेतलं.
नोट तिच्याच डब्यात परत.
कोपऱ्यावर मेणाचा ठिपका पडला होता, म्हणून ओळखली.
आम्ही तिघं हिशोबाला बसलो:
कंदील गेला, मेणबत्त्या गेल्या, घुबड गेलं,
नोट जिथल्या तिथे,
मग कमावलं कुणी?
ग्लेनिस इतकी हसली की चहा नाकात गेला.

चारला हॉलचे दिवे घालवले.
एकूण सहा कंदील गेले.
भाडं, पेट्रोल, मेणबत्त्या वजा जाता
अठरा पौंड. तासांचा हिशोब मी करत नाही.

हँडब्रेक सोडता सोडता आठवलं
आणि काच खाली केली.
ग्लेनिस रस्ता ओलांडत होती,
काखेत घुबडांचा डबा,
कोपरात कंदील, भाजीच्या पिशवीसारखा.
'दिवा छोटा लाव!' मी ओरडले. 'मोठ्यानं कागद जळेल!'
'कधी लावायचा असतो?'
'अंधार पडला की.'
तिनं वर आभाळाकडे पाहिलं.
'म्हणजे तासापूर्वीच,' ती म्हणाली,
आणि घाईघाईनं निघाली.