पंधरा दिवस

शनिवारी रात्री साडेदहाला धंतोलीत
भिंत अजून हाताला चटका देते.
सर्व्हर एसीत, मी बाहेर कुलरसमोर,
लॅपटॉपवर वाळ्याच्या वासाचे बारीक थेंब.
सगळे घरी गेले की मगच हे काम.
नळवाला आधी मेन कॉक बंद करतो
तसं मी टपाल बंद केलं.
आता आमच्या वनोपज संस्थेला
कुणी काही कळवू शकत नाही.

एकशे बेचाळीस पॅकेजेस,
त्यात टपालाची मोजून सात:
एक पत्र घेतं, एक पोचवतं, एक पेटीत लावून ठेवतं,
एक नुसता कचरा हुंगतं,
एक सह्या तपासत बसतं, अकाउंटच्या वैरागडेबाईंसारखं.
एकाला लायब्ररी नवी हवी, दुसऱ्याला जुनीच,
मांडवात दोन मामा रुसावेत तसं.
मी बॅकअप घेतला.
मग बॅकअप उघडून पाहिला,
हे दुसरं मला एका मार्च महिन्यानं शिकवलंय.

साडेअकराला ते मध्येच थांबलं. विचारलं:
ही फाइल तुमच्याकडे कुणीतरी बदललेली आहे.
तुमची ठेवू, की बनवणाऱ्यांची नवी बसवू?
बोट ‘नवी’वर गेलंच होतं,
तेवढ्यात उईके काका टॉर्च घेऊन दारात.
"झालं नाही का जी अजून?"
त्यांच्याकडे बघता बघता
मी भलतीच कळ दाबली:
फरक दाखव.

उण्याच्या काही ओळी, अधिकच्या काही.
पोचत नसलेलं पत्र रांगेत किती दिवस ठेवायचं?
बनवणारे म्हणतात, पाच.
आमच्याकडे पंधरा.
आणि वर एक टीप, रोमन अक्षरांतल्या मराठीत,
तेव्हाच्या काळ्या पडद्याला देवनागरी यायची नाही:
"पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं.
आठवडा, कधी दहा दिवस.
पत्र परत पाठवू नये. थांबावं.
बारापात्रे, ऑगस्ट २००९."

बारापात्रेंना मी पाहिलेलं नाही.
पासवर्डांच्या वहीत हिरव्या शाईतलं नाव,
आणि कान तुटलेला एक कप,
ज्यात आम्ही आता स्क्रू ठेवतो.
कुणी म्हणतं पवनीला असतात, कुणी म्हणतं नसतात.
त्या साली कुणाची तरी मजुरीची यादी
परत आली असेल, न पोचल्याचा शेरा घेऊन,
कुणीतरी फोनवर शिव्या घातल्या असतील,
आणि यांनी काही न बोलता
पाचाचे पंधरा केले.

आता भामरागडला टॉवर आहे.
टॉवरला डिझेल आहे का, ते पावसाळ्यातच कळतं.
पाच दिवस चूक नाहीत.
ज्यांनी लिहिले त्यांनी साऱ्या जगाचा अंदाज घेतला असेल,
फक्त त्या जगात पर्लकोटा नव्हती.

मी नवी फाइल बसवली, पूर्ण,
आणि तिच्यात पंधरा हातानं लिहिले.
टीप उतरवली, देवनागरीत.
‘थांबावं’च्या पुढं काही जोडावं असं वाटलं,
सुचलं नाही. तारीख टाकली. निमजे.

बारा वाजून दहा. एकेक सेवा उठवली.
लॉग आधी कण्हला, मग धावायला लागला:
छपाईच्या जाहिराती, एक लग्नपत्रिका,
कुठल्याशा बँकेचं चौथं स्मरणपत्र,
आणि भामरागडचं एक, दहा चाळीसला निघालेलं,
तिकडेच उंबऱ्यात बसून राहिलेलं.
पाठवणारे मडावी. विषय: टेस्ट.
"मॅडम, मेल जाऊन नाही राहिला.
भेटला तर सांगजा."

भेटला, मी लिहिलं.
कुलरचं पाणी केव्हाच संपलं होतं,
पंखा कोरडाच फिरत होता.
उईके काका बादली घेऊन उठले.
"आता झालं जी," मी म्हटलं.