अडकलेली हवा

रेडिएटर नवा. थर्मोस्टॅट नवा. पंपही,
ला पाझहून तीन आठवड्यांनी आलेला.
तरी ओरुरोबाहेरच्या चढावर काटा पुन्हा लाल रेघेला टेकला
आणि कासिमिरानं ट्रक बाजूला घेतला.
मागं बटाट्याची पोती, शेजारी गप्प नवरा.

एलेउतेरिओ आला, टोपी मागं सारत.
बॉनेटला त्यानं हात लावला नाही आधी.
हीटर पूर्ण सोडून जाळीपुढं तळवा धरला.
"इंजिन भाजतंय आणि हा गार."
मग स्वतःशीच, "दुरुस्ती माझीच."

तासभर थांबले, झाकण हात लावण्याजोगं होईतो.
या उंचीवर पाणी लवकर उकळतं,
बटाटा उशिरा शिजतो.
मग ट्रकचं नाक चढाकडं, चाकांखाली धोंडे,
एक बारीक स्क्रू, अर्धाच फेरा,
आणि सुस्कारा.
फेस, बुडबुडे, पुन्हा फेस,
शेवटी अखंड हिरवी धार.

मोडलं काहीच नव्हतं.
उघडलं तेव्हा आत शिरलेली
ओंजळभर हवा
सगळ्यांत उंच जागी जाऊन बसली होती.

इंजिन चालू झालं. कासिमिरानं जाळीपुढं हात धरला.
ऊन ऊन वारा.
नवऱ्यानंही धरला, तिच्या हाताशेजारी.
"भाव काय असेल आज?" त्यानं विचारलं.
दोन दिवसांतलं पहिलं वाक्य.