हौशी

बेतुलहून पहाटेची होडी धरून मी साळ ओलांडतो
आणि पलीकडे दुसऱ्यांच्या पिशव्या खांद्यावर घेतो.
चौदा काठ्या, पाणी, छत्री, कुणाची सिगारेट,
कुणाचा राग.
संध्याकाळी हातावर जे पडतं त्याला बक्षीस म्हणतात.

त्या रविवारी खुली स्पर्धा होती. कॅडींनाही मुभा.
माझा हँडिकॅप अकरा, सात नंबरची काठी उसनी,
बूट मेहुण्याचे, टाचेत कागद कोंबलेला.
शेवटच्या होलला चेंडू माडाच्या मुळाशी अडला.
वाळकी झावळी बाजूला करताना तो हलला,
तांदळाच्या दाण्याएवढा.
कुणी पाहिलं नव्हतं.
जागेवर ठेवला, एक फटका मीच वाढवून सांगितला.
तरीही पहिला आलो.

पाकीट पांढरं होतं. वेर्ण्याच्या कुठल्याशा कारखान्याच्या साहेबाने
उत्साहात वीस हजार रोख घातलेले.
ओलेगारियो बाब, आमचे सचिव, पुढे झाले,
चष्मा कपाळावरून नाकावर आणला:
"हँडिकॅपच्या स्पर्धेत हौशी माणसाने रोख घ्यायची नसते, पुरसो.
घेतलीस तर हौशी राहत नाहीस.
दुकानाचं कूपन घे."

आणि काल त्या जर्मन पाहुण्याने दिलेले पाचशे?
"ते ओझ्याचे."
त्याला मी म्हटलं होतं, डावा खांदा थोडा खाली घ्या, त्याचे?
ओलेगारियो बाब टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत राहिले.
"चालता चालता सांगितलंस ना? मग ते ओझ्यातच."

म्हणजे बक्षीस घेतलं तर चालतं,
बक्षीस घेतलं तर चालत नाही.
शब्द एकच, खिसाही एकच.

हौशी हा शब्द मला गोल्फच्या आधीपासून ठाऊक.
जत्रेतल्या नाटकाच्या हस्तपत्रकावर तो ठळक असायचा
आणि तळाला बाबांचं नाव, नेहमी एक काना चुकलेला.
दिवसा ते आसोळण्याच्या फेरीवर दोरखंड फेकत,
रात्री मुकुट घालून राज्य हरत.
ऐन पल्लेदार वाक्यात कुणीतरी माईक ओढून घ्यायचा:
अमक्या तमक्याकडून राजाला पन्नास रुपये!
राजा थांबायचा. नोट छातीवर टाचली जायची.
मग उरलेलं वाक्य, जिथे तुटलं तिथूनच.
सकाळी सगळ्या नोटा देवीच्या ताटात.

एका वर्षी एक नोट ताटात गेली नाही.
मला ताप होता, औषधवाला उधार देईना.
कुणी मोजत नव्हतं.
पुढल्या जत्रेला बाबांनी आपणहून भालदाराचं काम मागून घेतलं,
एकही वाक्य नसलेलं.
पहाटेपर्यंत भाला धरून उभे.
मी पुढच्या रांगेत, बरा झालेला, खाजं खात.

मी कूपन घेतलं. चार हजारांचं.
विसात छपराचे पत्रे झाले असते,
हे तेव्हाही मनात आलं, आत्ताही येतं.
दुकानात एक टोपी बसली आणि एक हातमोजा.

सुलक्षाने पिशवी उलटी केली, झटकली.
दुसरा कुठंय?
एकच असतो, म्हटलं. डाव्या हातात घालतात.
चार हजारांत एक हात, ती म्हणाली,
आणि हसली नाही.

दुसऱ्या दिवशी होडीत चढताना पाहिलं,
ती धक्क्यावर शिनाणे फोडत बसलेली, बाजारासाठी.
उजव्या हातात सुरी,
डाव्यात माझा पांढरा मोजा, बोटांची टोकं रिकामी, लोंबणारी.
शिंपल्याची धार तिला लागत नव्हती.

मी हौशीच राहिलो.
मोजा तेवढा पहाटेपासून धंद्याला लागला.