बनूबाईंचे संवाद

माझा चुलत आजा ठार बहिरा.
दोन आण्यांत, पडद्याला नाक लावून बसायचा
आणि भर वस्त्रहरणात
एकटाच हसायचा.

पाटीवर अक्षरं : 'धाव रे, द्वारकानाथा!'
पेटीवाला कळवळून सूर धरी,
बायकांचे पदर डोळ्यांना,
आणि बनूबाईंचे ओठ म्हणत असायचे :
'आवर की मुडद्या, उन्हं कलली,
कास तटली असंल म्हशीची.'

घरी येऊन तो हे हातवाऱ्यांनी सांगे.
मार खाई.

मग बोलपट आला.
बाईंना 'प्राणनाथ' म्हणायला लावलं,
परत एकदा म्हणायला लावलं,
आणि हिशेब चुकता केला :
साडेसतरा रुपये, एक इरकल.
तेरा चित्रांपैकी आता एकही नाही.
एक डबा होता माळ्यावर, तो चैतात
आपसूक पेटला.

गंगावेशीत, दूधकट्ट्यावर
त्या म्हैस पिळायच्या.
आजा तांब्या घेऊन रोज सगळ्यांत शेवटी.
धार थांबवून त्या मान वर करायच्या
आणि नुसते ओठ हलवायच्या,
खूप वेळ.

काय म्हणायच्या,
कितीदा विचारलं आम्ही.
तेवढ्यापुरते आजाचे हात
तांब्यात गुंतलेले असायचे.