छेद

लुसाकात ऑक्टोबरचं ऊन. जॅकरांडा गळतोय.
मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर वीज नाही.
मुटिंटा हामूंगा टेबल खिडकीशी ओढते
आणि देशाचं देणं बेरजेला घेते.

काल संध्याकाळी तिनं आकडा मिटवला होता.
रात्रीतून कुणी एक क्वाचाही उसना आणला नाही,
तरी सकाळी तो वर आलेला,
झाकून ठेवलेल्या पिठासारखा.
डॉलर चढला होता. एवढंच.

धरणासाठी घेतलेलं कर्ज: धरा.
वीज कंपनीला सरकार जामीन राहिलं, ते?
"जामीन म्हणजे देणं नव्हे," सिमुकोंडासाहेब सांगतात,
"कंपनी फेडतेय तोवर."
त्यातला 'तोवर' ती पेन्सिलीनं समासात लिहून ठेवते.
रस्त्याच्या ठेकेदाराची थकलेली बिलं
कर्ज नाहीत, कागद आहेत. कपाटात आहेत.
निवृत्त शिक्षकांचं पेन्शन तर कपाटातही नाही,
ते खाली बाकावर बसलंय
सकाळपासून, पाण्याची बाटली घेऊन.

दुपारी शेजारच्या इमारतीतून बातमी येते:
देशाची कमाई नव्या मापानं मोजून झाली.
यंदा धरले गेले
सायकलवरून कोळशाची पोती नेणारे,
मोबाइलचे पैसे भरून देणारी छत्रीखालची पोरं,
टोमॅटोचे ढीग लावणाऱ्या बायका.
रेषेच्या खालचा आकडा वाढला.
वरचा तोच; भागाकार उतरला.
एक नोट न फेडता देश हलका झाला,
बैठकीत फॅन्टा आला, समोसे आले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ठीक.
इथं पाय होते तेवढेच राहिले,
अंथरूण पुन्हा मोजलं
आणि ते लांब निघालं.
मुटिंटानं समोसा खाल्ला. गरम होता.

बसथांब्यावर बाना वेझीचा ढीग.
त्या ढिगावर आज देश टेकलाय
हे तिला कुणी कळवलेलं नाही.
पुठ्ठ्यावर मुटिंटाच्या नावापुढं चार रेघा.
बाना वेझी पिशवीत टोमॅटो भरते,
वरताळा म्हणून एक जास्तीचा टाकते
आणि किती झाले ते सांगतच नाही.
विचारते फक्त,
"पगार कधी?"

मुटिंटाला समासातला शब्द आठवतो.
पाचवी रेघ
चारांवरून आडवी जाते.