रुमालाखालचा भाव

सव्वीस वर्षं मार्केट यार्डात
हळदीच्या सौद्यांत काढली मी.
राजापुरीचं हळकुंड मोडलं की
नुसत्या आवाजावर सांगतो
ओल किती, भाव किती.
अकरा हजाराची हळद
कुणी तेरा हजाराला माझ्या गळ्यात मारून दाखवावी.

आणि ही एक सीडी.
अनसूयाबाई कागवाडकर, मारवा,
मिरजेतली बैठक, अठ्ठ्याण्णव सालची.
मोबाइलवर एकाखाली एक चौघे विकणारे.
एक म्हणतो पंच्याऐंशी.
एक सहाशे एकोणपन्नास.
एक चार हजार सातशे नव्व्याण्णव.
शेवटचा बारा हजार तीनशे पन्नास,
आणि खाली बारीक अक्षरात: डबीला तडा आहे.

तडा गेलेल्याला बारा हजार!
मी चष्मा पुसला. आकडे तेच.

पुतण्या सन्मती, विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्त करतो.
म्हणाला, काका, भाव माणूस लावतच नाही.
ह्याचं यंत्र त्याच्या यंत्राचा भाव बघतं,
थोडा चढवतं.
मग ते ह्याचा बघून चढवतं. रात्रभर चालतं.
गिऱ्हाईक? गिऱ्हाईक कशाला लागतंय त्याला.

वडलांच्या वेळचे सौदे आठवले मला,
रुमालाखाली बोटं धरून व्हायचे.
दोन बोटं, मूठ, मनगटाला चिमटा,
शेजारच्याला पत्ता लागायचा नाही.
पण रुमाल उचललाच कुणी तर खाली
निदान दोन हात असायचे,
पिवळे.

पंच्याऐंशीवाली मागवली. वर टपालखर्च एकशे चाळीस.
डबी बरोबर. बाईंचा फोटो, नथ, सगळं.
आत तबकडी निघाली
शेळीपालनाच्या माहितीची.

श्यामल हसून हसून खाली बसली.
"परत नका पाठवू," म्हणाली, "शेळ्या घेऊ."

तिच्यासाठीच तर चाललं होतं हे.
त्या बैठकीत बाईंच्या मागं
डावीकडचा तानपुरा तिच्या हातात होता.
एकवीस वर्षांची. आमचं अजून ठरायचं होतं.
आमच्याकडची सीडी एकोणीसच्या पुरात गेली,
कपाटाचा खालचा कप्पा.
तिच्यावर तबल्याचं नाव होतं, पेटीचं होतं,
फोटो कुणी काढला, चहा कुणी दिला तेही होतं.
तानपुऱ्यापुढं एकच शब्द: शिष्यवर्ग.
"चार हजार सातशे घालाल," ती म्हणते,
"आणि त्यात मी कुठं सापडणार?"

मंगळवारी रात्री पावणेबाराला
बारा हजारवाली एकदम तीनशे दहावर आली.
आवक वाढली नव्हती, माल भिजला नव्हता,
व्यापाऱ्यांचा बंद नव्हता.
बोली फुटायच्या आत हात वर करतात
तसं मी बटण दाबलं.

आठव्या दिवशी पाकीट. पाठवणाऱ्याचा पत्ता:
ब्राह्मणपुरी, मिरज.
म्हणजे आमच्या दारापासून सिटी बसनं अर्धा तास.
ती मिरजेहून पुण्याला गेली, पुण्याहून भिवंडीला,
तिथल्या गोदामात तीन दिवस बसली
आणि मिरजेवरूनच सांगलीत आली.

सन्मतीचा जुना लॅपटॉप. पंखा बंद केला.
आधी कुणाचा तरी खोकला. सतरंजी ओढल्याचा आवाज.
मग चार तारा.
बाई अजून गप्प.
श्यामल गवार निवडत होती. हात थांबला.
"जोडातली एक तार उतरलीय," म्हणाली.
"तेव्हाच सांगितलं होतं मी.
बाई म्हणाल्या, राहू दे, लोक बसलेत."

बाईंचा निषाद लागला.
ती परत शेंगा मोडू लागली, कट्, कट्,
आणि मी सवयीनं
ओल किती म्हणून कान दिला.

"आता किती म्हणतोय तो, चार हजारवाला?"
बघितलं. नऊ हजार एकशे दहा.
"बाई गं," म्हणाली,
आणि मला आवाज थोडा वाढवायला सांगितला.