धार

मेव्हिस स्टॅनिफर्थ, वय एकोणऐंशी,
तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बोलते.
उजव्या गालात कोणीतरी झोपलंय म्हणते,
त्याला उठवायचं नाही.
दात घासले की उठतो. चहाचा घोट घेतला की उठतो.
ट्रामच्या थांब्यावर टेकडीवरून वारा आला
की उठतो, आणि मग ती
खांबाला धरून उभी राहते,
ट्राम सोडून देते.

फाइलमध्ये याला लांबलचक लॅटिन नाव आहे.
मी ते तिच्यासमोर उच्चारत नाही.
तीही माझं उच्चारत नाही :
चारुशीला म्हणायला जबडा फार हलवावा लागतो.
चार्ली म्हणते. नाहीतर 'लव्ह',
जे या शेफील्डात ट्रामचा कंडक्टरही म्हणतो.

सकाळी सातला चौकट बसवली.
चार स्क्रू, कवटीच्या हाडापर्यंत.
कातडी बधिर केलेली, तरी आवळताना
ती माझ्या मनगटावरचं घड्याळ वाचत राहिली.
'सुरी कुठाय?'
नाव ऐकून आली होती : गॅमा नाइफ.
आणि या गावात सुरी म्हणजे थट्टा नव्हे.
पंधराव्या वर्षी ती कारखान्यात लागली,
अंगाला तपकिरी कागद, पायांना कालचं वर्तमानपत्र,
डोक्याला लाल रुमाल,
संध्याकाळी फक्त दात पांढरे.
'धार लावायचे ते बाप्ये. आम्ही झिलई द्यायचो.'
हे तिने दोनदा सांगितलं.
मी लिहून घेतल्यासारखं केलं.

म्हटलं, सुरी नाही, मेव्हिस,
एकशे ब्याण्णव वाटा आहेत.
एकेक इतकी हलकी
की तिच्याखाली गवताचं पातं मोडत नाही.
सगळ्या भेटतात ती जागा
ज्वारीच्या दाण्याएवढी.
माझी सगळी विद्या एवढ्याचसाठी,
की दाण्याच्या शेजारच्याला
फारसं काही कळू नये.

'मग हिला धार कोण लावतं?'

कोणी नाही.
कोबाल्ट आपला आपण बोथट होतो,
वापरा नाहीतर झाकून ठेवा,
महिन्याला शंभरातला एक भाग.
तीन वर्षांपूर्वी तुझं वीस मिनिटांत झालं असतं.
आज तीस.
हसणं तिला परवडत नाही.
पण डावा डोळा बारीक झाला :
'म्हणजे तोही रिटायर व्हायला आलाय.'

तीस मिनिटं मी पडद्यावर तिचे पाय पाहिले.
मोजे दोन जोड्यांतले.
ना आवाज, ना वास.
ठिणग्यांच्या शेजारी उमर काढलेल्या बाईला
एकही ठिणगी दिसली नाही.
बाहेर आल्यावर तिने गालाकडे बोट नेलं
आणि अर्ध्यावरून परत आणलं.
आज नाही, मी म्हटलं. सहा आठवडे. कदाचित जास्त.
कदाचित नाहीच.
हेही सांगावं लागतं, स्क्रू काढता काढता.

नवव्या आठवड्यात ब्रायोनी सिस्टरने
फोनवरची नोंद फाइलला लावली.
टोस्ट खाल्ला, कडांसकट.
वारा होता, ट्राम पकडली.
खालच्या ओठाचा कोपरा मात्र बधिर,
तिथून चहा ओघळतो तो आरशातच कळतो.
खाली निरोप :
'चार्लीला सांगा, एवढ्याशा जागेची
झिलई राहून गेली.'

माझ्या तक्त्यात तो कोपरा
'अपेक्षित' या रकान्यात बसतो.
मी तो तिथे लिहिला.
पेन मात्र बराच वेळ हातातच होतं.